‘दोन तिकिटं’चं शेवटचं पान

जुन्या भुतांच्या गोष्टी गोळा करायला बसलं की भुतं थोडी सापडतात आणि किस्सेच जास्त. आमचं तसंच झालं. आमच्या लहानपणी सांगलीत भयकथांच्या चित्रपुस्तिका निघायच्या. पातळ कागद, भडक रंग, बत्तीस पानं. त्यातल्या मिळतील तेवढ्या जमवून एक जाड संग्रह पुन्हा छापायचा, एवढंच ठरलं होतं. संग्रह एकच निघाला. किस्से अजून निघताहेत!

आम्ही तिघं. अण्णा चौगुले, ज्यांच्या माधवनगरच्या छापखान्यात आम्ही बसायचो. सुभेदार जाधव, फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. आणि मी, प्रस्तावना लिहिणारा. अण्णा जैन, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकणारे. त्यामुळे आमची बैठक दुपारी दोनला सुरू होऊन पाचला उठायची. सुभेदार दर वेळी म्हणायचे, “आवं अण्णा, भुतं उठायच्या टायमाला तुमी घरी जाताय!”

अण्णा म्हणायचे, “त्यांना म्हणावं, दुपारी या. चहा पाजतो.”

*

मी यात का पडलो, ते सांगून टाकतो.

माझी पत्नी वसुधा सांगलीचीच. या पुस्तिकांवर वाढलेली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती मला त्यातल्या गोष्टी सांगायची. मी मोसंबी सोलायचो, ती सांगायची. एका दुपारी तिनं ‘दोन तिकिटं’ सांगायला घेतली. औंधच्या एस.टी.त एक बाई चढते. एकटीच असते, पण तिकिटं दोन काढते. शेजारची सीट रिकामी ठेवते. कुणी बसायला आलं की म्हणते, “माणूस आहे इथं.” शेवटी कंडक्टर चिडून त्या रिकाम्या सीटलाच विचारतो, “कुठं जायचंय?”

“आणि सीटवरून उत्तर येतं,” वसुधा म्हणाली.

तेवढ्यात तिला तपासणीला न्यायला माणसं आली. स्ट्रेचरवरून ती म्हणाली, “आले की सांगते.”

ते सांगायचं राहिलं.

सुभेदारांकडे ‘दोन तिकिटं’ची प्रत आहे असं कळलं, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात होतो. पुस्तिका हातात घेतली, शेवट उघडला. शेवटचं पान नव्हतं.

*

पान एकाच पुस्तिकेतलं गेलं नव्हतं. सगळ्याच पुस्तिकांतलं गेलं होतं!

हा सगळा सोळा पुस्तिकांचा गठ्ठा एका बंद पडलेल्या वाचनालयाचा. रद्दीत जायच्या आत सुभेदारांनी उचललेला. त्या वाचनालयाचे मालक आप्पा मोठे हिकमती. पोरं पुस्तकं न्यायची आणि परत द्यायची नाहीत, म्हणून आप्पांनी प्रत्येक भयकथेचं शेवटचं पान ब्लेडनं कापून टेबलाच्या खणात ठेवलेलं. पुस्तक परत आणलं की आप्पा खण उघडणार, पान काढणार, आणि पोरानं तिथंच उभं राहून शेवट वाचायचा. पुस्तक नाही, तर शेवट नाही!

एकदा मिरजेहून एक गृहस्थ छापखान्यात आले. बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट. पिशवीतून एक जीर्ण पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. “सातवीत असताना ढापली होती. तेव्हापासून शेवट कळलेला नाही. आज परत करतोय.” आणि शाळकरी पोरासारखा हात पुढे केला.

अण्णा ओशाळले. “साहेब, शेवट आमच्याकडं पण न्हाई.”

गृहस्थांनी थोडा विचार केला. पुस्तिका उचलून पुन्हा पिशवीत घातली.

“मग अजून राहू दे माझ्याकडं.”

*

पानं स्कॅन करून कॉम्प्युटरवर साफ करायचं काम सुभेदारांचं. फौजी माणूस. डाग म्हटला की अंगावर धावून जाणारा. एका पानावर तीन दिवस बसले. वडाचं झाड, चांदणं, आणि फांद्यांमध्ये एक पांढुरका चट्टा. पाण्याचा डाग असावा. सुभेदारांनी एकेक फांदी जुळवत तो असा पुसला की पान कोरं करकरीत दिसायला लागलं. आम्ही दोघांनी पाठ थोपटली.

ही चित्रं काढणारे तात्या औंधला राहतात. पंच्याऐंशीच्या पुढचे. पान त्यांना दाखवायला नेलं. तात्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, उलटा केला.

“चांगलं झालंय,” म्हणाले. “पर भूत कुठं गेलं?”

सुभेदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तात्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “सुभेदार, त्या गोष्टीत मांत्रिकाला सुदिक न्हाई जमलं ते!”

*

त्याच भेटीत तात्यांच्या पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या आणि सुभेदार खुर्चीतून ताडकन उठले. सावधान!

झालं असं, की तरुणपणी तात्यांना चित्रासाठी तासन् तास स्थिर बसणारं माणूस एकच मिळालं, घरचं. त्यामुळे प्रत्येक गोष्टीतली नायिका त्याच, आणि हडळही त्याच. केस बांधले की नायिका, सोडले की हडळ. सुभेदारांनी हा चेहरा पन्नास वर्षं जपलेला.

“काकी,” सुभेदार अडखळत म्हणाले, “मी तुमाला पाचवीपासनं भितोय.”

“आधी चहा घ्या,” काकी म्हणाल्या. “गार हुतोय. मग भ्या.”

*

‘दोन तिकिटं’मधली सीट काय म्हणते, हे मी प्रत्येकाला विचारत होतो. तात्यांना आठवेना. गोष्टी लिहिणारे लेखक केव्हाच गेलेले. म्हणून अण्णांनी जुन्या वाचकांच्या ग्रुपवर विचारलं. तासाभरात उत्तरं आली. सगळी ठाम.

एक म्हणाला, सीट म्हणते, “जिथं ही उतरेल तिथं.” दुसऱ्यानं लिहिलं, “छे! सीट म्हणते, ‘तुझ्या घरी.’ मी आठ दिवस शाळेत एस.टी.नं गेलो नाही.” तिसऱ्या बाई इचलकरंजीच्या. त्यांच्या मते सीट फक्त म्हणते, “सुट्टे नाहीत.”

तिघांचं ग्रुपवर असं जुंपलं की अण्णांना मध्ये पडावं लागलं. प्रत्येकाचं एकच म्हणणं, “मी आप्पांच्या टेबलापाशी उभं राहून या डोळ्यांनी वाचलंय!”

मी तिन्ही उत्तरं वहीत लिहून ठेवली. तिन्ही वसुधाच्या आवाजात मनातल्या मनात म्हणून पाहिली. एकही तिचं वाटेना.

*

खण सापडला तो अण्णांमुळे. वाचनालय मोडलं तेव्हा ते टेबल माधवनगरातच साडीला फॉल-पिको करणाऱ्या एका ताईंनी नेलं होतं. आमच्या छापखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे! अण्णा सुनेची साडी टाकायला गेले. ताईंनी रीळ काढायला खण ओढला, आणि तळाला अंथरलेल्या कागदावर अण्णांना एक ओळखीची हडळ दिसली.

आम्ही तिघं धावत गेलो. ताईंनी लाल, हिरवी, मोरपंखी रिळं एकेक करून बाहेर ठेवली. तळाशी पानं. सोळाच्या सोळा. दुपारचं ऊन खिडकीतून तिरकं येत होतं, बाहेर कुठं तरी हळद दळत होते, आणि ताई शांतपणे विचारत होत्या, “एवढं काय हाय हो त्यात?”

‘दोन तिकिटं’चं पान मी हातात घेतलं. एस.टी. आहे. बाई आहे, खिडकीबाहेर बघतेय. कंडक्टर वाकलाय. रिकाम्या सीटवर एक मोठा संवादाचा फुगा आहे.

फुगा कोरा.

पुसट झालेला नाही, कोरा. एक अक्षर पडलेलं नाही.

औंधला जाऊन पान दाखवल्यावर तात्यांना हळूहळू आठवलं. “लेखकाला ते वाक्य सुचंना. म्हणाला, मशीन लावा, मी लिहून घेऊन आलोच. तो आला न्हाई आन् मशीन थांबली न्हाई. लय भ्यालो हुतो, वाचक शिव्या घालतील म्हणून. पर गड्या, एकाचं सुदिक पत्र आलं न्हाई!”

मग त्यांनी दौत पुढे ओढली, टाक बुडवला आणि माझ्याकडे पाहिलं. “अक्षर अजून हलत न्हाई माझं. सांगा, काय लिहू?”

मी म्हणालो, “असू दे तात्या. तसंच.”

“लोक म्हणतील, चौगुल्याच्या छापखान्यानं अक्षरं खाल्ली!” अण्णा म्हणाले. पण तसंच छापलं.

*

शेवटचा किस्सा प्रकाशनाच्या दिवशीचा.

सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये सकाळचा कार्यक्रम होता. भाषणं संपली, तात्यांचा सत्कार झाला, मंडळी पोह्यांकडे वळली. मी पुस्तकांच्या टेबलापाशी एकटाच होतो. कवठे महांकाळहून आलेल्या एक आजी टेबलाशी आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. त्यांनी संग्रह उचलला, बोट ओलं करून पानं उलटली आणि नेमकी ‘दोन तिकिटं’वर थांबल्या. शेवटच्या पानावर आल्या. वाचलं. ओठ हलत होते.

आणि एकदम खुदकन हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“हेच! अगदी हेच बोलती ती शीट! इतक्या वर्सांनी परत वाचाय मिळालं बगा.”

मी जवळ गेलो. “आजी, काय म्हणते सीट?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“आवं, छापलंय की हितं ढळढळीत,” त्या म्हणाल्या आणि फुग्यावर बोट टेकवून पुस्तक माझ्याकडे फिरवलं. “वाचा की!”

मी खिशातून चष्मा काढला आणि वाकलो.