आजची जन्मतारीख

तारखेसाठी आयुष्याची माती करून घेणारा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात एकच आहे, आणि तो दुर्दैवाने माझा आतेभाऊ, आमचा दादा आहे. इंदरगंजात चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर एक कंपनी होती, तिथे तो वेबसाइटवरचे फॉर्म बनवायचा. नाव, पत्ता, मोबाइल हे रकाने त्याच्या लेखी पोरखेळ. फॉर्म बनवणाऱ्याची नियत कळते ती तारखेच्या रकान्यावरून, असं तो म्हणे. लग्नपत्रिकेवर ५/६ दिसलं की मुलीच्या बापाला फोन करून, पाच जून की सहा मे, हे विचारल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. एकदा पाटणकर बाजारात श्रीखंडाच्या डब्यावरची तारीख तो इतका वेळ वाचत उभा राहिला, की दुकानदार शेवटी म्हणाला, "भाईसाहब, खाना है कि मुकदमा लड़ना है?"

जन्मतारखेला कॅलेंडर लावायचं नाही, हा त्याचा धर्म होता. साध्या तीन चौकटी हव्यात: दिवस, अक्षरांत महिना आणि साल. हे त्याला आमच्या आत्याने, म्हणजे त्याच्या आईनेच शिकवलं. कुठल्याशा फॉर्मवर ती बिचारी एकेक महिना मागे ढकलत बसली होती, आणि शेवटी चष्मा काढून म्हणाली, "एवढ्या वेळात मी दुसरा जन्म घेतला असता."

पुढे त्यांच्या कंपनीला पेन्शनच्या फॉर्मचं काम मिळालं. दादाने तीन चौकटी केल्या. ज्या कचेरीचं काम होतं तिथल्या साहेबांना त्या जुनाट वाटल्या. त्यांना उघडताच आजची तारीख दाखवणारं कॅलेंडर हवं होतं. दादाने परोपरीने सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना ती बदलता यायची नाही, निदान रकाना कोरा तरी ठेवा. मालक म्हणाला, "उनको सुंदर चाहिए. तुम सुंदर बनाओ." त्याने सुंदर बनवलं.

मग व्हायचं तेच झालं. सत्तरी ओलांडलेली माणसं भराभर आजच जन्माला आली, आणि तान्ह्या बाळांना पेन्शन कसली, म्हणून ती बंद झाली. चूक कोणाची, तर फॉर्म बनवणाऱ्याची. दादाची नोकरी गेली. साहेब आणि कॅलेंडर दोघंही जागच्या जागी राहिले.

किला गेटला आत्याच्या घराखाली एक काकू एकट्या राहायच्या. त्यांची पेन्शनही अशीच थांबली होती. दादा त्यांना रिक्षात बसवून पुन्हा पुन्हा कचेरीत नेऊ लागला. खिडकीतला बाबू दरवेळी म्हणे, "सिस्टम में तो यही है." एकदा दादा म्हणाला, "सिस्टम छोड़िए, इनको देखिए. ये आपको इस साल की पैदा लगती हैं?" बाबूने मान वर केली नाही. परतताना काकूच त्याची समजूत घालत, "जाऊ दे रे बाळा, किती उन्हात फिरशील." औषधाच्या गोळ्या त्या अर्ध्या करून खात होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

दुरुस्ती व्हायच्या आधीच काकू गेल्या. मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म दादानेच भरला. मी शेजारी बसलो होतो. जन्मतारीख जुन्या नोंदीतून आपोआप आली, आणि वयाच्या रकान्यात उमटलं: एक वर्षापेक्षा कमी. फॉर्मने कसलीच हरकत घेतली नाही. दादा एवढंच म्हणाला, "हेही घेतलं बघ त्याने."

तेराव्याला काकूंचा भोपाळचा मुलगा फोटोखाली लिहायच्या तारखा विचारायला वर आला. आधार कार्डावरची एक जानेवारी कोणीतरी अंदाजाने ठोकलेली. ती त्याला नको होती, आणि खरी त्याला ठाऊक नव्हती. दादाला ठाऊक होती. कचेरीच्या बाकावर ताटकळताना काकूंनीच त्याला सांगितलं होतं, की रंगपंचमीच्या दुपारी, सगळं घर रंगात भिजलेलं असताना त्या जन्मल्या. साल मात्र त्यांच्या आईलाही सांगता आलं नव्हतं. दादाने चिठ्ठीवर लिहिलं, 'जन्म: रंगपंचमी', आणि सालाची जागा कोरी सोडली.

"चालेल असं?" मुलाने विचारलं.

"इथे चालेल," दादा म्हणाला.