गोली घेतली काय?

आरोग्य केंद्रात औषधांचा साठा कधी संपेल याचा नेम नाही, किश्शांचा मात्र कधीच संपत नाही! थळजवळच्या किनाऱ्यावर मी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हापासून ते साचतच चाललेत.

त्यातले निम्मे एकट्या नारायण नाखवांनी पुरवलेत. स्वतःची बोट, दणकट शरीर आणि बीपी असं की यंत्रालाच घाम फुटावा. त्यांच्या भावाला भर समुद्रात लकवा मारला. किनाऱ्याला आणेपर्यंत अर्धं अंग गेलं होतं. यांचंही तसंच होणार, या धास्तीने माझा जीव खालीवर व्हायचा. आणि हे महाशय गोळी म्हटलं की हसायचे!

* * *

पहिल्याच भेटीत सांगितलं, "साखर तपासायचीय. उद्या उपाशीपोटी या."

आले. साखर भलतीच वर! आमच्या शबाना सिस्टरना शंका आली. "काही खाल्लंत का?"

"छे! उपाशी हाय."

"चहासुद्धा नाही?"

"च्या घेतला. दोन भाकऱ्या खाल्ल्या, वांग्याच्या भाजीसंगं."

"अहो, मग उपाशी कसले?"

नाखवा दुखावले. "मासली कुटं खाल्ली, बाय? मासलीबिगर जेवलो म्हंजे उपाशीच की!"

* * *

मग मिठाची पाळी. मीठ कमी करा म्हणून बजावलं, तरी बीपी जागचं हलेना. शेवटी त्यांच्या बायकोला, गंगाबाईंना बोलावलं.

"कालवनात मीठच घालीत न्हाय, देवाशप्पत!"

"मग अळणी जेवण घशाखाली उतरतं का यांच्या?"

"न्हाय ना! म्हनून तर संगं खारी सुरमई भाजून देते."

* * *

हल्ली सगळं ऑनलाइन. गंगाबाईंचं हेल्थ कार्ड काढायला बसलो. मोबाईल नंबर नवऱ्याचा.

"आता त्या मोबाईलवर ओटीपी येईल," सिस्टर म्हणाल्या.

गंगाबाई खिडकीतून समुद्राकडे बघायला लागल्या. "मंग बसा निवांत. बोट कालच गेली."

काम प्रलंबित का, म्हणून वरच्या ऑफिसने विचारलं. सिस्टरनी खरं ते लिहिलं, 'ओटीपी बोटीवर आहे.'

उलट टपाली उत्तर आलं, 'कोणत्या बोटीवर? पाठपुरावा करावा.'

* * *

बीपीची तपासणी दर मंगळवारी ठेवली होती. आम्ही आणि माश्या, एवढेच हजर! मी नाखवांवर वैतागले.

"दर्याला मंगलवार ठावं न्हाय, बाय," ते म्हणाले. "भांगाला बोलवा."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. भरतीला जोर नसतो, बोटी किनाऱ्याला असतात. त्या दिवशी तपासणी ठेवली आणि बाकडी कमी पडली! मला तर गर्दी बघून भरून आलं.

ऑफिसला ते बघवेना. 'तपासणीची तारीख दर वेळी का बदलते?'

मी कळवलं, 'चंद्रामुळे.'

* * *

आणि परवाच्या भांगाला बंदरावरचे हवालदार थेट केबिनमध्ये! चेहरा गंभीर.

"मॅडम, बोटींच्या वायरलेसवर रोज सकाळी संशयास्पद बोलणं चालतं. एकजण विचारतो, 'गोली घेतली काय?' मग एकेक बोट सांगते, 'घेतली!' काल कुणीतरी म्हणालं, 'माज्या संपल्या.' त्यावर उत्तर काय, तर 'किनाऱ्याला ये, डॉक्टरीनबाय देते!' हा माल तुमच्याकडून जातो?"

शबाना सिस्टरनी तोंडावर रुमाल दाबला. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

तपासणीला आलेले नाखवा बाकावरून उठले. "इचारनारा मीच, साहेब. भाऊ पडला, तसा आनखी कुनी पडाया नको."

"तुम्ही स्वतः घेता?" मी विचारलं.

"घ्यावीच लागते ना! दुसऱ्याला इचारायचं म्हंजे आदी आपन घेतलेली पायजे."

मी त्यांचं बीपी मोजलं. नॉर्मल! विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजलं. तेवढंच!

हवालदार निघाले, तर नाखवांनी त्यांचा हात धरला. "आलाच हाय तर बाही वर करा, साहेब."

पट्टा बांधला. आकडा बघून मी गोळ्यांचं कपाट उघडलं.

आता सकाळी सगळ्या बोटींची विचारपूस झाली, की वायरलेसवर शेवटी एक नवा, भारदस्त आवाज येतो म्हणे.

"चौकी. घेतली!"