तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आणि फुसफुस मावशी

तिला सगळी गल्ली फुसफुस मावशी म्हणायची. ऑक्सिजनचा सिलिंडर पेशंटच्या घरात उभा केला की मीटर बसवण्याआधी ती चावी जराशी फिरवायची. सिलिंडरच्या तोंडाशी बसलेली धूळ फुस्स करून उडायची आणि घरातलं माणूस दचकायचं. त्यावरून नाव पडलं.

आधी ती शाळेची बस चालवायची. दिरांनी ऑक्सिजनचं गोदाम काढलं आणि टेम्पोला माणूस मिळेना, तेव्हा ही पुढे आली. सिलिंडर मागे बसून भांडत नाहीत की उलट्या करत नाहीत, एवढंच कारण तिनं सांगितलं. जाऊबाई हसल्या. पण थोड्याच दिवसांत मावशी माणसाएवढा सिलिंडर तिरका करून, बुडाच्या कडेवर असा फिरवत न्यायला लागली, की वाटावं दोघं नाचताहेत. हाताला क्रीम लावायची सोय नव्हती, कारण ऑक्सिजनजवळ तेलकट हात म्हणजे आगीशी खेळ. तळहात खरखरीत झाले. नवरा म्हणायचा, पाठ खाजवायला बरे आहेत.

तिच्या फेरीत एक म्हातारे शिंपी होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नाकात नळी, आणि नळी पुरेल तेवढंच जग: पलंग, खुर्ची, खिडकी. समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर त्यांची धाकटी बहीण राहायची. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे जिना बंद. फोन रोज व्हायचा, पण कित्येक महिन्यांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

एकदा आजोबांनी विचारलं, "तुम्ही तिला येताजाता बघता ना? कशी दिसते आता?"

"तुमच्यासारख्याच. फक्त मिशा कमी."

आजोबा खोकला येईपर्यंत हसले. मावशीच्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना. तिनं दिरांकडे खांद्याला अडकवायचे दोन छोटे सिलिंडर मागितले. दीर म्हणाले, आधी डॉक्टरांना विचारा. आजोबांच्या सुनेनं विचारलं. डॉक्टरांनी होकार दिला, हवा किती सोडायची ते सांगितलं आणि जिन्याच्या दर वळणावर बसवा म्हणून बजावलं.

रविवारी सकाळी वरात निघाली. पुढे सिलिंडर अडकवून उलटी उतरणारी मावशी, मध्ये आजोबा, मागे घडीची खुर्ची घेतलेला त्यांचा मुलगा. दुसऱ्या मजल्यावर आजोबांचा धीर सुटला. परत जाऊ म्हणाले. मावशी सरळ पायरीवर बसली.

"बसू की. मला आज कुठे जायचंय?"

श्वास थाऱ्यावर आला, तसे आजोबा आपणहून उठले.

बहीण दारातच खुर्ची टाकून बसली होती. दोघांनी एकमेकांना डोळे भरून पाहिलं. मग ती म्हणाली, "दादा, शर्टाचं बटण तुटलंय तुझं. शिंपी ना तू?"

आजोबांनी तिचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. मग पत्ते निघाले. दुसऱ्याच डावात बहिणीनं दादाला पान लपवताना पकडलं आणि लहानपणापासूनची सगळी लबाडी बाहेर काढली. मावशीचं लक्ष मीटरच्या काट्यावर. काटा खाली येऊ लागला तशी तिनं दुसरा सिलिंडर जोडला आणि निघायचं फर्मान काढलं. वर जाताना मुलानं आणि गोदामातून बोलावलेल्या हमालानं आजोबांना खुर्चीसकट उचललं. आजोबा वरून सूचना देत होते.

मग हे दर रविवारी सुरू झालं. ते ऐकून फेरीतल्या एका काकांना न्हाव्याकडे जाऊन दाढी करावीशी वाटली, एका बाईंना आपलं दुकान बघावंसं वाटलं. दीर कुरकुरले, पण आता गोदामात छोट्या सिलिंडरांची वेगळी फळी आहे. जाऊबाईंनीच ती लावून घेतली.