मान वर करणारा दिवा

तेराव्या मजल्यावर राहायला गेल्यावरही परबकाकांनी दिवसा कधी दार लावलं नाही. करी रोडची आमची चाळ पाडून तिथेच टॉवर उभा राहिला. शेजारी तेच राहिले, फक्त वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरले आणि आत शिरताच दार लावून घ्यायला शिकले. गिरणगाव उंच झालं म्हणतात. मी म्हणते, उभं कापून डब्यांत भरलं.

याचा घाव काकांच्या बायकोला, सुशीलाकाकूंना बसला. चाळीत त्या दारात तांदूळ निवडत बसायच्या आणि गॅलरीतून जाणारा प्रत्येकजण त्यांच्याशी बोलूनच पुढे सरकायचा. इथे आल्यावर त्या हळूहळू गप्प झाल्या. मग अजिबातच बोलेनाशा झाल्या. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

"औषध नको गो, तिका माणसां होयी," काका मला म्हणाले.

काका तांत्रिक शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर गणपतीच्या हलत्या देखाव्यांच्या मोटारी जोडून द्यायचे. त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून सेन्सर आणि छोट्या मोटारी आणल्या, जुन्या टेबललॅम्पला वाकणारी मान लावली आणि त्याला काळू शिकवायला घेतला. काळू म्हणजे चाळीच्या जिन्यात पडून असायचा तो कुत्रा, चाळ सुटायच्या आधीच मेलेला. पाऊल वाजलं की तो लगेच उठत नसे. आधी नुसता कान टवकारी, मग मान वर करी, आणि कुणी शेजारी बसलं की त्याच्या पायावर डोकं ठेवी. दिव्यानेही तसंच करायचं होतं: चाहूल लागली की थोडा उजळायचा, माणूस जवळ आला की मान उचलायची, माणूस बसला की प्रकाश मऊ करून खाली वाकायचं.

उंबऱ्याच्या आत दिवा ठेवला, शेजारी काकूंची खुर्ची. पण दिवा मान वर करेपर्यंत लिफ्टमधून आलेला माणूस आपल्या घराचं कुलूप उघडून आत गेलेला असायचा.

"काका, जरा फास्ट करा की त्याला!" मी म्हटलं.

"वळख पटल्याशिवाय काळू मान वर करूचो नाय. माणसांनीच जरा हळू चालूचा."

त्यातच सोसायटीची सूचना लागली, दारं बंद ठेवा. माझं डोकं फिरलं. आमच्या घरात पेपरच्या आधी चळवळीची पत्रकं यायची, मी त्यांवरच वाढले. रात्रीत 'बंद दारांची गुलामी' नावाचं पत्रक लिहून काढलं आणि काकांना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"झ्याक लिवलंस. पण ह्या वाचून लोक दार आणखी घट्ट लावतले. त्यापेक्षा बस हय, चाय पी."

मी धुमसत चहा प्यायले.

दिवाळीच्या सुमारास आठव्या मजल्यावरचे मोरेभाऊ मिठाई द्यायला आले. दिव्याने मान उचलली तसे ते दचकले, मग हसत खाली बसले. दिवा त्यांच्या पायाकडे वाकला.

"आयला, हा तर आपला काळू! काका, बिस्कीट देऊ काय ह्याला?"

"चहात बुडवून दे," काकू म्हणाल्या. "कोरडं खात नाही तो."

कितीतरी महिन्यांनी आलेलं हे पहिलं वाक्य. मोरेभाऊंना त्याचं काहीच वाटलं नाही, ते काळूच्या गोष्टी सांगत बसले. काका "चाय टाकतंय" म्हणत आत गेले. बराच वेळ नळ चालू राहिला, चहा काही आला नाही.

त्यानंतर काकू अधूनमधून दोन शब्द बोलायला लागल्या. काका म्हणायचे, "आता चौदाव्यावरची माणसां येऊक होयी."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी काकांचं हृदय थांबलं. संध्याकाळी त्यांना नेलं आणि मागे राहिलेली सगळी चाळ तेराव्या मजल्यावर जमली. पॅसेज भरला, जिनाही भरला. लोक वाकून काकूंचे हात हातात घेत होते आणि काकू एकेकाला नावाने ओळखत होत्या: मोरे, शांता, कांबळ्यांची सून. गुडघा कसा आहे, लेक कुठे दिली, सगळं विचारत होत्या. इतकं बोलताना मी त्यांना चाळीतही पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अगं, हे कुठे गेले? एवढी माणसं आली, आणि नेमके हेच घरात नाहीत."