मुलीने न पाळलेले वेळापत्रक

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत ज्यांना आईवडिलांनी पहाटे चारला उठवून पळायला लावले, नाक दाबून कच्चे अंडे घातलेले दूध पाजले आणि दुपारी डोळा लागला म्हणून पाठीत धपाटा घातला, त्या सगळ्यांची मी माफी मागतो. तो कागद माझा होता. आणि ज्या मुलीच्या नावावर तो खपला, त्या माझ्या मुलीने तो जेमतेम दीड महिना पाळला होता.

मी न्हावऱ्याच्या शाळेत गणित शिकवत असे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुलीने फौजदारकीच्या परीक्षेला बसायचे ठरवले. आधी लेखी, मग पळणे, गोळाफेक वगैरे मैदानी चाचणी. मी आयुष्यात बसच्या मागे सोडून कशाच्याही मागे पळालेलो नव्हतो, पण वेळापत्रक करण्यात माझा हात कोणी धरत नसे. फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारून मी तिचा दिवस आखला. चारला उठणे. सव्वाचार ते साडेपाच पळणे. मग गार पाण्याने अंघोळ, मोड आलेले हरभरे, अंडे-दूध, आणि सव्वासहापासून रात्री अकरापर्यंत अभ्यास. मध्ये जेवणाला वीस-वीस मिनिटे. विश्रांतीचा रकाना रिकामा दिसू लागला तेव्हा मी त्यात लिहिले, "विषय बदलणे हीच विश्रांती." हे वाक्य सुचले त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

पाचव्या आठवड्यापासून मुलगी इतिहासाच्या पुस्तकावर ढेकर देत डुलक्या घेऊ लागली. नडग्या सुजल्या. मी म्हणालो, "सवय नाही म्हणून होतंय." मग एका पहाटे दूध गोळा करायला निघालेल्या गावातल्या माणसाने तिला मोटारसायकलवर, दुधाच्या कॅनशेजारी बसवून दारात आणले.

"मास्तर, पोरगी कालव्याच्या मोरीवर झोपली व्हती," तो म्हणाला. "हितंच उतरवू, का डेअरीवर नेऊन फॅट बघू?"

त्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण दौंडहून आली होती. तिचे शिक्षण चौथीपर्यंत, नवरा रेल्वेत. तिने भाचीकडे पाहिले, मग भिंतीवरच्या कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"दादा, ही पोरगी हाय का खुंटीला टांगलेला सदरा?"

"शिस्त आहे ही," मी म्हणालो.

"आरं, आवसंला बैलाच्याबी मानंवर जू ठेवत न्हाईत. हिला आवस कवा?"

दुपारच्या गाडीने ती मुलीला पुस्तकांसकट दौंडला घेऊन गेली. पुढचे वर्षभर मुलगी तिथेच राहिली आणि जे काही झाले ते तिथेच झाले.

काय झाले, ते मी दोनचार वेळा जाऊन पाहिले होते, म्हणून सांगतो. मुलगी साडेसहाला उठे. सकाळभर अभ्यास, पोटभर जेवण, आणि दुपारी तासभर झोप. त्या वेळात बहीण बाहेरून कडी लावून उंबऱ्यात बसे आणि आलेल्या-गेलेल्याला परतवून लावी. संध्याकाळी दोघी मैदानावर जात. बहिणीपाशी घड्याळ नव्हते. ती कडेला बसून भाजी निवडायला घेई आणि सांगे, "मेथीची जुडी सपंस्तवर पळ." पाय दुखत असले तर मेथीच्या जागी कोथिंबीर येई, कारण ती लवकर निवडून होते. एक दिवस जोरात पळाले की दुसऱ्या दिवशी पळणे बंद. रविवारी केस धुवायचे आणि काहीही करायचे नाही. अंड्याचे म्हणाल तर, "आवडत असलं तर भाजून खा, न्हाईतर पिठलं हाय."

मुलगी पहिल्याच खेपेला पास झाली.

शाळेच्या मैदानात सत्कार ठरला. त्या दिवशी घरातून निघताना मी भिंतीवरचा कागद काढून खिशात घातला. कोणी मागितला नव्हता. कोणीतरी विचारील अशी आशा होती, एवढेच. सरपंचांनी विचारलेच, "सर, आता गुपित सांगा." मी उभा राहिलो, कागद उलगडला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. "विषय बदलणे हीच विश्रांती" याला टाळ्या पडल्या. व्यासपीठावर मुलीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. बायकांच्या रांगेत बहिणीने पदर तोंडाला लावला. लोकांना वाटले, आत्याला भरून आले. ती हसत होती.

आठवड्याभरात शिरूरच्या झेरॉक्सवाल्याकडे कागदाच्या थप्प्या पडल्या. दिवाळीत एका लग्नाची बोलणी करायला खुटबावला गेलो, तर त्या घरात तो देव्हाऱ्याशेजारी चिकटवलेला होता आणि खाली एक पोरगा बसल्या बसल्या झोपला होता.

इथपर्यंत थांबले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण माझे सदरे-पँटी शिवणारा टेलर माझा जुना स्नेही होता. तीन पिढ्या गावातले मुसलमान कुटुंब. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी, नुकताच बी. ए. झालेला, पोलिसात जायचे वेड घेतलेला. टेलरचे डोळे अधू होत चालले होते. बापलेकांत ठरले होते, परीक्षेच्या दोन खेपा द्यायच्या. नाही जमले तर मुलाने मशीनवर बसायचे. टेलर माझ्याकडे आला.

"मास्तर, तुमच्या पोरीचा कागद आमच्या पोराला द्या. झेरॉक्स नगं, तुमच्या हातचा द्या."

मी सुवाच्य अक्षरात लिहून दिला.

बाकीची पोरे आईबापांची नजर चुकवून तो कागद मोडत. हा मुलगा बिचारा प्रामाणिक. मिनिट चुकवीना. रमजानमध्ये सगळे घरच पहाटे उठे, तेव्हा टेलर कौतुकाने म्हणे, "मास्तर, ह्या महिन्यात आमी समदीच फौजदार!" मुलगा रोजे धरून पळत होता. एकदा त्याने मला विचारले, "सर, संध्याकाळी पळालो तर चालेल का?" मी म्हणालो, "कागदात आहे का?" तो म्हणाला, "नाही." विषय संपला.

तो वाळत गेला. अभ्यासातून वीस मिनिटे काढून बापाला मशीनवर मदत करी, तेवढ्यात डुलकी लागे. माझी एक पँट घरी आणून पाय घालतो तर पुढे जाईना. दोन्ही पाय खाली एकमेकांना शिवून टाकले होते. मी परत नेली. टेलर ओशाळून म्हणाला, "पोराला जरा झोप आली व्हती मास्तर. उसवून देतो." मी तिथे बाकावर बसून पँट उसवून होण्याची वाट पाहिली. समोर तो मुलगा, भिंतीवर तो कागद. बोलायला याहून चांगली वेळ कोणती? मी चहा प्यायलो आणि पँट घेऊन घरी आलो.

पुण्याला लेखी परीक्षेत तो पहिल्याच तासात बाकावर डोके टेकून झोपला. पर्यवेक्षकांनी हलवून उठवले तेव्हा निम्मा वेळ गेला होता. निकालाची वाट पाहायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी तो माझ्या घरी आला आणि हात जोडून उभा राहिला.

"सर, तुमचा दोष नाही. माझंच चुकलं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दोनदा मी सव्वाचारला उठलो."

मी म्हणालो, "पुढच्या खेपेला नीट पाळ."

त्या भाऊबीजेला बहीण आली. ब्लाउज शिवायला टाकते म्हणून टेलरकडे गेली, तिथे भिंतीवरचा कागद आणि खाली पेंगणारा मुलगा पाहून ब्लाउजपीस तसाच हातात घेऊन परत आली. ओवाळणीचे ताट समोर मांडले, पण निरांजन लावीना.

"मला साडी नगं. त्या पोराला खरं सांग. एकच डाव राह्यलाय त्याचा. तू सांगत नसलास तर मी सांगते."

"सांगतो."

"काय सांगशील?"

"जे झालं ते."

मग तिने ओवाळले.

मी सांगायला निघालो हे खरे आहे. पण रस्त्यात मला वाटले, गावात तोंड कसे दाखवू? शाळेत कार्टी काय म्हणतील? टेलरच्या दारात पोहोचेपर्यंत मी वाटेत पारावर बसून दुसराच कागद तयार केला होता. डोक्यावर ठळक अक्षरात "सुधारित". सगळे बहिणीचेच. दुपारची झोप, एक दिवसाआड पळणे, भूक लागेल तेव्हा जेवण. मेथीच्या जुडीची मी पंचवीस मिनिटे केली आणि कोथिंबिरीची दहा. "अमावास्येला पूर्ण विश्रांती" असेही लिहिले होते. टेलर डोळ्यांजवळ कागद धरून म्हणाला, "मास्तर, आवस आमाला कशाला?" म्हणून शुक्रवार केला.

मुलाने विचारले, "सर, मग पहिला कागद?"

"तो बरोबरच आहे," मी म्हणालो. "हा जरा नाजूक प्रकृतीच्या मुलांसाठी आहे."

त्याने मान हलवली आणि नवा कागद भिंतीवर लावला.

दुसऱ्या खेपेला तो पास झाला. लेखीत, मैदानात, सगळीकडे. सत्काराला त्याने माझे पाय धरले आणि माईकवर म्हणाला, "माझं शरीर कमकुवत आहे हे सरांनी ओळखलं." टेलर पहिल्या रांगेत डोळे पुसत होता. बहीण आजारी सासूमुळे दौंडलाच होती. नंतर तिने फोनवर विचारले, "सांगितलंस ना खरं?" मी म्हणालो, "सांगितलं."

त्यावर वीस-बावीस वर्षे गेली. तो मुलगा मोठा अधिकारी झाला. दर ईदला त्याचा फोन येतो. गेल्या महिन्यात मात्र मधेच आला.

"सर, मुलगी बारावीला आहे. सैन्यात अधिकारी व्हायचं म्हणते. तुमचा तो पहिला कागद आहे का? कडक होता तो. माझ्याच्यानं झेपला नाही, पण पोरगी माझ्यासारखी नाजूक नाही."

मी खुर्चीत बसून घेतले. मग सगळे सांगितले. मोरीवर झोपलेली माझी मुलगी, दौंड, भाजीची टोपली, सत्काराला खिशात घातलेला कागद, भाऊबीज. मी मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा काहीतरी सुधारित सांगितले असते.

"म्हणजे सर, मी नाजूक नव्हतो?"

"नव्हतास. तो कागद कोणालाच झेपला नसता. माझ्या मुलीलाही झेपला नाही."

"इतकी वर्षं ऑफिसात दुपारी डोळा जड झाला की मला स्वतःची लाज वाटते, सर. कोणी बघत नसलं तरी."

मला "माफ कर" म्हणायचे होते. मी म्हणालोही, पण तोपर्यंत तो म्हणत होता, "आत्याबाईंचा नंबर द्या." मी दिला. त्याने लिहून घेतला आणि फोन ठेवला. नेहमी तो "ठेवतो सर, काळजी घ्या" म्हणतो. या वेळी म्हणाला नाही. त्यानंतर फोनही नाही. तो यावा असे मी म्हणणार नाही.

बहिणीचा मात्र दुसऱ्याच दिवशी आला. ती आता चौऱ्याहत्तरची आहे, गुडघे गेलेत, आवाज तसाच.

"बावीस वर्षं मला खोटं सांगितलंस व्हय रं?"

"हो."

"त्याची पोरगी यायलीय शनवारी. मैदानाच्या कडंला खुर्ची टाकून बसते मी."

"मी येऊ का?" मी विचारले.

"ये," ती म्हणाली. "पेन घरी ठेवून ये."