चिटपाखरू नसतं ती वेळ

सकाळी दाट धुकं होतं, आणि धुक्याच्या दिवशी सामानघराला ओल्या कुत्र्यासारखा वास सुटतो. लोक बाहेरून ओले कोट, ओल्या टोप्या, टपटप गळणाऱ्या पिशव्या घेऊन येतात आणि ते सगळं तिच्या खुंट्यांना लटकतं. म्हणून दारं उघडायच्या आत तिनं खालच्या फळ्यांवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली, खुंट्या कोरड्या फडक्यानं पुसल्या, पितळी बिल्ले नंबराप्रमाणे लावून ठेवले. चित्रसंग्रहालयाच्या तळमजल्यावरची ही लांबट, बिनखिडकीची खोली म्हणजे तिचं राज्य. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तिला खुंटीताईच म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी सही करताना तिला स्वतःलाच आठवावं लागे, असं ती हसून सांगायची.

एरवी हे काम तिनं झोपेतसुद्धा केलं असतं. आज दोनदा बिल्ले हातातून सांडले. आज संध्याकाळी ती नवऱ्याला चित्र दाखवायला आणणार होती.

नवरा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ट्रकच्या पाठीवरच्या. सगळी वस्ती त्याला पेंटर म्हणायची. उमेदीची सगळी वर्षं बंद गाळ्यात थिनरच्या आणि फवाऱ्याच्या वासात काढली, तोंडाला रुमाल बांधायचा तर म्हणे अक्षर बिघडतं. अक्षर नाही बिघडलं, छातीची चाळण झाली. आता तो खिडकीशी खुर्ची लावून बसायचा, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर. मागच्या खेपेला डॉक्टरांनी तिला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं आणि भिंतीकडं बघत म्हणाले, ‘थंडी निघाली तर पुढचं बघू.’ तिनं घरात येऊन सांगितलं, डॉक्टर म्हणाले तब्येत बरी आहे. पेंटर म्हणाला, ‘म्हणजे चित्र आत्ताच बघून घ्यायला हवं.’

ते चित्र वरच्या मजल्यावरचं. दोरीवर वाळत घातलेली एक चादर, वाऱ्यानं फुगलेली, आणि तिच्या मागं एका बाईची सावली. बस, एवढंच. पण ते बघायला लोक कुठून कुठून येत आणि आधी धावत तिथंच जात. खुंटीताईनं कधीतरी त्याचं कार्ड घरी आणलं होतं. पेंटरनं ते भिंतीला चिकटवलं आणि त्याच्याशी भांडायला सुरुवात केली.

‘हा पांढरा मेलेला आहे. छापणाऱ्यानं मारलाय. डब्यातला पांढरा फासला की चुन्यासारखा बसतो, कळलं? ह्या बेट्या चित्रकारानं चादरीच्या खाली दुसरं काहीतरी घातलंय. निळा घातला असेल, नाहीतर पिवळा. ते कार्डात दिसत नाही. ते समोर उभं राहूनच बघावं लागतं.’

‘मग इतकी वर्षं कोणी अडवलं होतं? बायको त्याच दारात बसते.’

‘तेव्हा वाटायचं, चित्र काय कुठं पळून चाललंय!’

आता पळायची वेळ त्याची आली होती. जाणं एकदाच जमणार होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. जिन्यावरून खुर्चीसकट उतरवायचं, बरोबर नेण्याचा छोटा सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा, आणि परत वर चढवायचं. गर्दीत तर त्याला नेताच येत नव्हतं. दवाखान्याच्या रांगेत एकदा चारी बाजूंनी माणसं आली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि हात हवेत काहीतरी पकडू बघत होते. तिनं साहेबांना विचारलं, की दारं उघडायच्या आधी आणलं तर? साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, ‘ताई, तुमच्यासाठी उघडलं तर उद्या मंत्र्याच्या सासूसाठी उघडावं लागेल.’

म्हणजे वेळ निवडायची ती तिनंच. आणि ती निवडायला तिच्याइतकं लायक कोण? वर किती माणसं आहेत हे तिला खुंट्यांवरून कळायचं. सकाळी उघडल्या उघडल्या सगळ्या खुंट्या भरत, शाळांच्या सहली आल्या की दप्तरांचे डोंगर होत, जेवणानंतर जरा हलकं होई, पुन्हा भरे. पण बंद व्हायच्या आधीचा तास आला, की खुंट्या बोडक्या व्हायच्या. गर्दीच्या दिवशीसुद्धा. खात्री करायला तिनं वरच्या दालनाच्या पहारेकऱ्याला विचारलं. मान लांब म्हणून त्याला उंट म्हणत.

‘उंटा, शेवटच्या तासाला त्या चादरीसमोर किती माणसं असतात रे?’

‘चिटपाखरू नसतं, ताई. मी आपला जांभया देतो.’

झालं. ठरलं.

नणंदेनं मात्र आदल्या दिवशीच तोंड सोडलं होतं. ती शेजारच्याच इमारतीत राहायची आणि खुंटीताई कामावर असताना भावाजवळ बसायची. ‘वहिनी, एका चादरीसाठी माझ्या भावाला थंडीत बाहेर काढणार तू? घरात चादरी कमी आहेत का? माझ्या दोन आणते, झटकून दाखवते!’

‘तुझ्या चादरी बघूनच माझी छाती गेली,’ पेंटर खिडकीतून म्हणाला. नणंद रागावली, मग हसली, मग पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

दुपारी धुकं विरलं आणि थंडीतलं लख्ख, कोरडं ऊन पडलं. खुंटीताईला वाटलं, देवानं दिवस दिला. ओलसर हवेत त्याला धाप लवकर लागायची. तिनं काउंटर जोडीदारणीच्या हवाली केला आणि दारात जाऊन उभी राहिली. नणंद टॅक्सीतून भावाला घेऊन आली. त्यानं दाढी केली होती, कामावर जातानाचा जाड शर्ट घातला होता, कॉलरला अजून लाल रंगाचा एक ठिपका. संग्रहालयाची चाकाची खुर्ची बघून त्यानं नाक मुरडलं.

‘सामान म्हणून नेतेस होय? मग बिल्ला दे.’

‘गप बसा. बोलण्यात श्वास जातो.’

‘वर बोलायचं नाहीये मला. वर बघायचंय.’

लिफ्टमधून वर आल्यावर तिची छाती अभिमानानं भरून आली, कारण दालनं खरोखरच रिकामी होती. फरशीवर चाकांचा आवाज तेवढा. कोणाचा धक्का नाही, कोणाचं अत्तर नाही. पेंटरचा श्वास लांब, सरळ चालला होता. नणंदसुद्धा हळू आवाजात म्हणाली, ‘वहिनी, वेळ मात्र बरोबर काढलीस हं.’

कोपरा वळला आणि ते चित्रासमोर आले.

समोर चित्र नव्हतं. समोर उजेडाचा एक मोठा चौकोन होता. पश्चिमेच्या उंच खिडकीतून उतरतं ऊन सरळ आत येऊन चित्रावरच्या काचेवर आपटत होतं आणि ती काच तव्यासारखी पेटली होती. खुर्ची जवळ नेली तेव्हा उजेडाच्या कडेला पेंटरला एक दाढी केलेला म्हातारा दिसला, नाकात नळी, मागं दोन बायका. खुर्ची डावीकडं घेतली, तर चादरीचा एक कोपरा करडा होऊन वर आला आणि वरची खिडकी त्यावर चढून बसली. उजवीकडं घेतली, तर तेही गेलं. पेंटरनं मान वाकडी केली, हातानं डोळ्यांवर छप्पर धरलं, खुर्चीचे हात धरून उठायचा प्रयत्न केला. नणंदेनं खांदे दाबले.

खुंटीताई उंटाकडं धावली. ‘पडदा ओढ रे, तेवढा पडदा!’

‘पडद्याची मोटर जळलीय ताई, ऑफिसवाले दिवाळखोर कुठले! ठेकेदार येतो, बघतो, चहा पिऊन जातो.’

‘मग रोज असंच?’

‘थंडीत रोज. सूर्य खाली उतरतो ना. उन्हाळ्यात नाही होत.’ उंटानं तिच्याकडं बघितलं आणि त्याची लांब मान खाली गेली. ‘म्हणून तर ह्या वेळेला कोणी येत नाही, ताई. पाटी लावलीय बाहेर तिकीटखिडकीशी. तुम्ही गर्दीचं विचारलंत, मी गर्दीचं सांगितलं.’

तिकीटखिडकीशी लावलेली पाटी ती कशाला वाचेल? ती मागच्या दारानं आत यायची. आणि शेवटच्या तासाला आयुष्यात कधी वर आली नव्हती, कारण त्या तासाला लोक आपापलं सामान न्यायला खाली येतात आणि ते द्यायला ती काउंटरवर लागते. वरची गर्दी ती खालून ओळखायची. वरचं ऊन खाली दिसत नव्हतं.

उंटानं आपला कोट काढून खिडकीसमोर उंच धरून बघितला. काचेवर एक बाह्या असलेली सावली पडली, बाकी उजेड तसाच. नणंदेनं शाल पसरली. तीही पुरली नाही. तिघं हात वर करून उभे, आणि पेंटर म्हणाला, ‘हात खाली करा. वेड्यासारखं दिसतंय.’

ते वाट बघत बसले. सूर्य समोरच्या छपराआड गेला की काच विझेल, असा हिशेब. खुंटीताई कधी खिडकीकडं बघायची, कधी सिलिंडरच्या काट्याकडं. दोन्ही खाली उतरत होते, पण सूर्य फार सावकाश. मग खालून घंटा झाली. उंटानं जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवलं, दुसऱ्या टोकाची दारं आधी लावली, दिवे शेवटी मालवले. शेवटी मुख्य पहारेकरी स्वतः वर आला आणि किल्ल्या वाजवत उभा राहिला.

‘चला,’ पेंटर म्हणाला.

टॅक्सीनं ते घरी परतले. जिना चढवताना मधल्या वळणावर त्याला धाप लागली ती अंथरुणावर टेकवून यंत्र लावेपर्यंत थांबली नाही. नणंद दारात उभी राहिली. खुंटीताईला वाटलं, आता ही बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं. नणंद नुसती चपला घालून निघून गेली.

दिवा मालवल्यावर तो म्हणाला, ‘उद्या सकाळी तू वर जा. आणि मला सांग.’

‘मला काय कळतंय त्यातलं?’

‘डोळे आहेत ना? खाली काय आहे, निळा की पिवळा. तेवढंच.’

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन गर्दीत, जोडीदारणीला ‘आलेच’ म्हणून ती वर गेली. चित्रासमोर माणसांची भिंत. कोपरं खात, ‘जरा, जरा’ करत ती पुढं घुसली आणि काचेपासून हातभर अंतरावर पोचली. सकाळच्या मऊ उजेडात काच दिसतच नव्हती. चादर दिसत होती. ती तिच्याकडं बघत राहिली आणि डोक्यात काहीच येईना. पांढरी होती. कुठं कुठं नव्हती. निळसर म्हणावं तर घडीशी काहीतरी उबदार होतं, पिवळं म्हणावं तर ते लगेच हातातून सुटायचं. परीक्षेला बसल्यासारखा तिला घाम फुटला. मागून कोणीतरी म्हणालं, ‘बाई, फोटो काढू द्या ना.’ ती बाजूला ढकलली गेली, आणि ढकलली जाताना तिला चादरीच्या खालच्या काठाशी एक गोष्ट दिसली.

संध्याकाळी तिनं डबा खाली ठेवायच्या आत पेंटरनं विचारलं, ‘हां?’

तो उशीला टेकून बसला होता. आवाज काल होता त्याच्या निम्मा.

‘निळा,’ ती म्हणाली.

‘कुठं निळा? सावलीत की उजेडात?’

‘सगळीकडं.’

‘सगळीकडं निळा घातला तर चादर आजारी दिसेल. खोटं सांगू नकोस.’

ती पलंगाच्या काठावर बसली. ‘नाही कळलं हो. खूप बघितलं. कधी निळं वाटायचं, कधी पिवळं. मला नाही सांगता येत.’

त्यानं डोळे मिटले.

‘एक होतं,’ ती म्हणाली. ‘खाली काठाला, जिथं रंग जाड आहे तिथं, ब्रशचा एक केस अडकलाय. रंगात तसाच राहिलाय. हा एवढा, वाकडा.’

पेंटरनं डोळे उघडले. ‘केस?’

‘हो. केस.’

‘त्याच्यापण ब्रशचा केस गळला? एवढ्या मोठ्या माणसाच्या?’ आणि तो हसला. पाटी संपवताना शेवटच्या हाताला केस निघाला की शिव्या घालायचा, त्या सगळ्या शिव्या त्याच्या हसण्यात होत्या. ‘आणि काढला नाही लेकानं! राहू दिला!’ हसता हसता खोकला लागला, खोकल्याला अंत राहिला नाही. तिनं पाठ धरली, वाडगा धरला, तोंडावर वाफेच्या औषधाचा मास्क लावला, यंत्राचं बटण वर केलं. तो शांत झाला तेव्हा शर्ट घामानं चिंब होता आणि ओठांना पुन्हा तो निळा रंग आला होता.

‘मला दिसला असता,’ तो म्हणाला. तिला नव्हे, भिंतीला.

‘हो.’

‘सकाळी गर्दीत नेलं असतंस तर मेलो असतो कदाचित. पण दिसला असता.’

तिनं त्याचा शर्ट बदलला, पांघरूण छातीपर्यंत ओढलं. तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. मास्कच्या वाटीत खोकल्याचं पाणी साचलं होतं. ती मास्क आणि त्याची नळी घेऊन स्वयंपाकघरात गेली, पाणी कोमट केलं, साबणाचा फेस नळीत घालून दुसऱ्या टोकानं सोडला, पुन्हा घातला, पुन्हा सोडला, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहिली.