छत्तीसपट कडक साकव

आधी हातातला चहाचा कप खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी ऐकणाऱ्याला ठसका लागला आणि शर्ट माझा खराब झाला! कारण मी जो गाढवपणा केला ना, तो करायला नुसतं गाढव असून भागत नाही. त्याच विषयाचा मास्तर असावं लागतं.

वीस वर्षं मी रत्नागिरीत इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या पोरांना तुळई, म्हणजे बीम, शिकवतोय. दरवर्षी पहिल्याच तासाला खिशातून प्लॅस्टिकची पट्टी काढतो. आडवी धरून दाबली की वाकते, कडेवर उभी धरली की ढिम्म! टाळ्या पडतात हो.

आणि राहतो कुठे? पावसजवळ, आमच्या वाडीत. घरासमोरून पऱ्या वाहतो. पावसाळा सरला की तो ओलांडायला वाडीतली माणसं मिळून साकव घालतात. यंदा मी छाती पुढे काढून म्हटलं, "साकव माझ्याकडे लागला!" फणसाच्या दोन लांब फळ्या आणल्या, जाडीच्या सहापट रुंद. आणि घातल्या कशा? आडव्या! चालायला ऐसपैस वाटल्या ना.

सकाळी मासळीवाली कुंदामावशी आली, डोक्यावर भरलेली पाटी. चार पावलं टाकली आणि फळ्या अशा खाली गेल्या की मावशीच्या पायांना पाणी लागलं. ती तशीच मागे फिरली.

"मास्तरानू, ह्यो साकव हाय का झोपाळा? धड होईस्तो मी काय पलीकडं येनार नाय!"

म्हणजे मासळी बंद! बायकोने तिथल्या तिथे जाहीर केलं, "अहो, आता साकव होईपर्यंत रोज दुधी."

सांगा तुम्हीच, कोकणातल्या माणसाला याहून मोठी शिक्षा असते का?

"कडेवर उभ्या करा की फळ्या!" मावशी पलीकडून ओरडली. "आमचे मालक होडीत तशाच लावतात!"

मी खजील. माझी पट्टी खिशातच होती हो!

रविवारी फळ्या हातभर अंतराने कडेवर उभ्या केल्या. वरून आडव्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या होत्या, म्हणजे फळ्या एकमेकींना धरून राहतात. पण धीर कुणाला? सगळी वाडी जमलेली, पलीकडे मावशी पाटी घेऊन उभी. मी दोन फळ्यांवर दोन पाय ठेवत थेट मधोमध गेलो.

"बघा! सहापट रुंद, म्हणजे सहा सक छत्तीसपट कडक! वाकतायत का? केसभर तरी?"

खरंच नाही वाकल्या! त्या आनंदात मी एक उडी मारली. फळ्या तरीही वाकल्या नाहीत. नुसत्या कुशीवर कलंडल्या आणि मी धप्पकन पऱ्यात! कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, बोट वर करून ओरडलो, "पण वाकल्या का?"

"आधी पट्ट्या ठोका, मगे नाचा!" मावशी म्हणाली.

तासाभरात ठोकल्या. मावशी भरली पाटी घेऊन तरातरा चालत आली, साकव जागचा हलला नाही! त्या दुपारी घरात सुरमई तळली गेली. जिंकलो की नाही?

फक्त एक झालं. बायकोने माझ्या उडीचा व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथून तो कॉलेजात पोचला.

परवा वर्गाची चाचणी घेतली. प्रश्न होता, उंच आणि अरुंद तुळईला बाजूने आधार दिला नाही तर काय होते?

अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर: "सर पडतात."

पूर्ण मार्क दिले. चूक कुठे होती त्यात?